दोनचा गजर

सदलग्यात दिवेलागणीआधी
आमच्या घरची भांडी पालथी होतात.
माहेरचीच सवय. सूर्य गेला की
जिभेला चव आठवत नाही.

गजर मी उशीखाली ठेवते,
भरतेशची झोप मोडू नये म्हणून.
गाळलेलं पाणी, त्यात कच्चं कॉर्नफ्लोअर,
सपाट तीन चमचे. ढवळत राहायचं,
नाहीतर तळाशी बसतं.
सन्मती डोळे न उघडता पितो.
ओठावर पांढरी रेघ राहते, ती पुसते.
तेवढ्यात उगारकडं उसाचा ट्रॅक्टर जातो,
दोन ट्रॉल्या, मोठ्यानं कानडी गाणं,
आणि साऱ्या गल्लीत गोड, कच्चा वास.

दीड वर्षाचा होता. ताप आला,
दोन दिवस पोटात काही ठरेना.
मीच दिलं गुळाचं पाणी, चमच्या-चमच्यानं.
आमच्याच रानातला ऊस, आमचाच गूळ.
तो धापा टाकायला लागला
तेव्हा मी आणखी एक चमचा दिला.
हे मी डॉक्टरांना तीनदा सांगितलं.
भरतेशला एकदाच.

बेळगावात नर्सबाई दर तीन तासांनी यायच्या,
सलाईन बघायच्या आणि मला विचारायच्या,
"ऊटा आय्ता?"
"आय्तु," मी म्हणायची.
बाहेर अंधार असायचा.

बेंगळुरूहून कागद आला इंग्रजीत.
डॉक्टरांनी तो कानडीत सांगितला, मी घरी मराठीत,
आणि दर खेपेला थोडं थोडं सांडलं असणार.
उरलं ते एवढं:
माणूस उपाशी राहिला की त्याचं काळीज
(खरंखुरं काळीज, बरगडीखालचं,
ज्याला आपण उगाच हृदय समजतो)
घरातल्या मोडक्या-तोडक्या सामानातून
नवी साखर रांधतं.
त्या रांधण्यातल्या एका हाताची कृती
गुणसूत्रांच्या नवव्या जोडीवर लिहिलेली.
नाव एफबीपी वन.
आमच्या पोराच्या दोन्ही प्रतींत
दुसरं पान नाही.

बस्तीत ताडपत्राची एक पोथी आहे.
हळेगन्नड अक्षरं, आमच्यात कुणालाच येत नाहीत.
तरी श्रुतपंचमीला उन्हात काढतो, पानं मोजतो,
परत फडक्यात बांधतो.
कुठलं पान कधी गळालं, कुणाच्या हातून,
आळ तरी कुणावर घेणार?
मला मामाच्या घरात दिली.
एकाच पोथीच्या दोन नकला
एका उंबऱ्याआड आल्या.

माझी आई, म्हणजे भरतेशची आत्या,
भाद्रपदात दहा दिवस नुसत्या पाण्यावर राहते.
सातव्या दिवशी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती,
मांडीत सन्मती, डाळं खात.
डॉक्टरांच्या हिशेबानं तिच्याकडं
एक पान आहे, एक नाही.
त्या एकावर तिचं चाललेलं.
मी तिच्या मनगटाला हात लावला. ऊब होती.
आत कुणीतरी
अन्नाविना चूल पेटती ठेवलेली.
मला तिचा राग आला. मग माझा.
मग डाळ्यांची फोलं गोळा करत बसले.

माताजींचा चातुर्मास बोरगावात होता.
मूल रात्री खातं, मी हातानं भरवते,
प्रायश्चित्त विचारायला गेले.
पिंछी मांडीवरून बाजूला ठेवून
त्यांनी विचारलं, "किती वाजता उठतेस?"
"दोन."
"गजर लागतो?"
"आता नाही लागत. त्याआधीच जाग येते."
पुढं काही म्हणाल्या नाहीत.
मी वाट बघितली. मग एसटी पकडली.

काल त्यानं पेला अर्ध्यावर थांबवला
आणि माझ्याकडं सारला. "तू पण."
"माझं झालंय जेवण."
"कधी?"
नेमका ट्रॅक्टर आला. तो जाईस्तोवर
पीठ तळाशी बसलं.
मी बोटानं काढून
त्याच्या जिभेवर ठेवलं.