अर्धं ब्लेड

सकाळी शेजूळ जमादार मोजून देतो:
दोन कात्र्या, तीन कंगवे, एक वस्तरा
आणि मधोमध मोडलेलं अर्धं ब्लेड.
संध्याकाळी मोजूनच परत घेतो.
मधला दिवस माझ्याकडं राहतो,
तो कुणी मोजत नाही.

गावाकडं असतो तर या हातांनी
फार तर बैलांची शिंगं साळली असती.
सुतारखात्यात जागा नव्हती
म्हणून हर्सूलच्या भिंतीआड न्हावी झालो.
पहिल्या वर्षी लोकांचे कान कापले, शिव्या खाल्ल्या.
आता नुसता हात फिरवला तरी कळतं
डोकं कुणाचं:
रंगनाथच्या टाळूवर विळ्याची जुनी खूण,
सुमेधच्या डोक्यात दोन भोवरे.
'दोन बायका करणार बे तू,' म्हटलं
तर एकोणीस वर्षांचं पोरगं लाजलं,
मग बोटांवर काहीतरी मोजलं
आणि मान खाली घालून बसलं.
मला मान खालीच पाहिजे होती.

भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर आहे,
दोन वर्षं जुनं.
मी फरशीवर बघतो.
आधी काळे पडायचे,
मग तीळ-तांदूळ,
आता कित्येकांचे नुसते तांदूळ.
झाडून एका घमेल्यात भरतो,
त्यात गिनतीचे नंबर लागत नाहीत.

वैशाखात दगड रात्री दोनपर्यंत तापलेला.
ओला टॉवेल छातीवर घेऊन पडायचं.
तासाचा टोल पडतो.
बारा मोजायला घेतले की
नवव्याला झोप लागते,
किंवा तेरावा ऐकू येतो.

मध्येच शहराचं नाव बदललं.
द्वारकाच्या पत्रावर नवं नाव आलं,
पिनकोड तोच.

फोनवर ती म्हणाली, रूपालीनं केस कापले.
कुठं?
गंगाखेडलाच, पार्लरात.
किती घेतले?
ऐंशी.
किती ठेवले?
खांद्यापर्यंत.
मग दोघंही गप्प,
आणि मिनिटं तर चालूच.
तिचं जावळ काढलं मामाच्या मांडीवर
तेव्हा माझी कोर्टात तारीख होती.
मी आजवर हजारभर डोकी केली असतील,
त्यात तिचं नाही.

गफूरचाचाची सुटका मंगळवारी ठरली.
सोमवारी त्यांनी बसून दाढी करून घेतली,
मिशी राखली, कानातले केससुद्धा काढायला लावले.
मंगळवारी कागद आला नाही.
बुधवारी नाही.
नवव्या दिवशी आला तेव्हा
गालावर पुन्हा पांढरे खुंट उभे.
'फिर से कर दे रे,' म्हणाले,
'पहिली वाली तो जेलमें ही खर्च हो गई.'
एकाच सुटकेची दोनदा दाढी केली मी.
फाटकापर्यंत साबणाचा वास गेला,
पुढचं माहीत नाही.

एक सांगायचं राहतंय.
शेजूळ जमादाराच्या पोरीचं लग्न होतं.
दुपारी तो माझ्या स्टुलावर येऊन बसला,
टोपी मांडीवर ठेवली,
हनुवटी वर केली
आणि डोळे मिटले.
वस्तऱ्याखाली त्याची घाटी
एकदा वर गेली, एकदा खाली.
मी तीनशे दोनचा.
बांधावर त्या सकाळी माझ्या हातात काय होतं
ते कागदांत आहे, सहीनिशी.
इथं दिवसाला वीस गळे
माझ्यासमोर असे वर होतात,
डोळे मिटून.

भागवतनं डोळे मिटले नव्हते.

'झालं का?' जमादारानं विचारलं.
'झालं, साहेब.'
त्यानं गाल चाचपला, चांगली झाली म्हणाला,
मग उठून रोजच्यासारखं मोजून घेतलं.
दोन, तीन, एक, अर्धं.
बरोबर.

अंघोळीचं पाणी एकच बादली.
शर्टाच्या कॉलरमध्ये बारीक केस राहतात,
रात्रभर टोचतात मानेला.
अंधारात चिमटीत धरून बघतो,
कुणाचे ते
कळत नाही.