नंतर की मुळे

ओउलूच्या इस्पितळात, तळघरात
इर्मेली फायली वाचते.
बाहेर दुपारी दोनलाच अंधारलंय.

वेइक्को, होड्या बांधणारा, वय एकाहत्तर.
नवा खुबा बसवला. बाराव्या दिवशी पू.

सर्जननं लिहिलंय: शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग.
नंतर म्हणजे नुसतं कॅलेंडर.
नंतर तर बर्फही पडला.
मुळे असेल तरच संकेतांक बसतो.
ती विचारून पाठवते: नंतर, की मुळे?

चार दिवस काही नाही.
पाचव्या दिवशी एक शब्द. मुळे.
आणि त्याखाली, पेनानं, घाईत:
मी स्वतः सांगितलं त्याला. म्हणाला,
सांध्यात पाणी शिरतं कधी कधी,
मीही बांधल्यात अशा होड्या.

याला रकाना नाही.
इर्मेली ते दोनदा वाचते,
मग टंकते
टी चौऱ्याऐंशी पॉइंट पाच.