सातव्या प्रश्नापाशी

मूळ प्रश्नावली इंग्रजीत, तेवीस प्रश्न.
रोजच्या बारीकसारीक चुका मोजायच्या.
मटार सोलताना दाणे कचऱ्यात
आणि सालं पातेल्यात, असं तुमचं होतं का?
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बरेचदा, नेहमी.
पाच चौकोन. एकात खूण.

नॉटिंगहॅमच्या या खोलीत रेडिएटर ठणठणतो
आणि मी पहिल्याच क्रियापदापाशी अडते.
इंग्रजी विचारतं, तुम्ही विसरता का?
सरळ, बोट रोखून.
आमच्याकडे इतकं उघडपणे कोण विसरतं?
दूध उतू जातं.
किल्ली आत राहते.
फोन करायचा राहून जातो.
वाक्यात कर्ता शोधायला जावं
तर तो केव्हाच चपला घालून बाहेर पडलेला.

अकराव्यात होतं, शोधता ती वस्तू
तुमच्याच हातात असते का?
मला राहवलं नाही, मी काखेत कळसा लिहिलं.
उलट भाषांतर करायला ल्यूटनचा एक मुलगा,
मराठी आजोळची, सुट्टीपुरती.
त्यानं प्रामाणिकपणे इंग्रजी करून पाठवलं:
तुम्ही बगलेत भांडं धरून गावाभोवती फिरता का?
डॉक्टर प्रिचर्डनी समासात पेन्सिलीनं विचारलं,
भांडं केवढं?

सातवा त्या मानानं सोपा.
माणसांची नावं आठवत नाहीत, असं होतं का?

कुमुदिनी खानविलकर, वय एक्क्याऐंशी,
बीस्टनला घर, दारात जिरेनियमची कुंडी.
सायकलींच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
चाकांत तारा ओवल्या त्यांनी.
फायलीत दवाखान्याची जुनी नोंद:
पतीचे नाव सांगू शकल्या नाहीत.
तीनदा विचारले.
स्मृतिदोष संभवतो.

मी वाचून दाखवलं. त्या चष्मा पुसत राहिल्या.
मुलगी गुणी होती गं, म्हणाल्या,
आधी हळू विचारलं, मग मोठ्यानं,
मग मी बहिरी असल्यासारखं.
मी म्हटलं, ॲलनचे वडील.
हो, पोराचं नाव ॲलन, शेजारणीनं सुचवलेलं,
ते दिवसातून पन्नासदा घेते.
मग म्हटलं, आमचे हे.
तिच्या इंग्रजीत त्याचं धिस झालं.
तिनं टेबलावर बघितलं, काय दाखवतेय म्हणून.

एवढं बोलून कार्डिगनचं वरचं बटण लावलं,
खुर्चीत ताठ बसल्या
आणि समोर मांडव असल्यासारखा आवाज लावला:

पाच चौकोन कागदावर, एकात करा खूण,
त्र्यंबकरावांचं नाव घेते, घ्या बाई लिहून.

मी लिहून घेतलं. समासात, कारण जागा तिथेच होती.
दोघी इतक्या हसलो की शेजारचा कुत्रा भुंकला.
मग त्या एकदम गप्प.
अकरा वर्षं झाली, म्हणाल्या,
आता घ्यायला हरकत नाही तसं. कोण ऐकणार?
पण सवय गं जिभेची.
तिच्याशी आलं की ते आपलं परत फिरतं.

खूण कुठे करू?
आठवतं, रोज आठवतं,
हा चौकोन त्या कागदावर नव्हता.

सोमवारी डॉक्टरांना सांगितलं, सातवा फोडू या:
नाव आठवत नाही, की घेत नाही?
एका प्रश्नात दोन चालत नाहीत, त्या म्हणाल्या.
मग गाळू.
गाळला तर इथल्या लोकांशी तुलना जमणार नाही, बेरीज बदलते.
चांगल्या आहेत त्या. खिडकीबाहेर बराच वेळ बघून म्हणाल्या,
माझी आई वेल्श बोलायची,
तिचीही असलीच एक नोंद होती.
पुढे काही बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही.

सातवा अजून तिथेच आहे, पिवळ्या चिठ्ठीखाली.

त्या दिवशी ट्रामच्या थांब्यावर पाऊस आला
तेव्हा कळलं, छत्री बीस्टनला राहून गेलीय.
मी विसरले असं लिहायचं असेल
तर लिहा.