शून्य पूर्णांक नऊ

नंदुरबारात, मिरचीच्या पथारीमागं सुपडूआप्पाचं दुकान.
डाग देताना तो शिंकतो आणि जोड हलतो.

बंद घड्याळातला सेल काढला,
मीटर म्हणालं, शून्य पूर्णांक नऊ.
एलईडीला तीन लागतात.

फुटक्या सीएफएलमधली फेराइटची कडी,
दोन रंगांच्या तारा, अकरा वेढे,
ट्रान्झिस्टर, वन-केचा रेझिस्टर.
लावलं. अंधार.

“एक तार उलटी जोड ना भो,”
आप्पा म्हणाला, न बघताच.

उलटवली.
वाहती धार मध्येच तोडली की वेढे उसळतात,
सेकंदाला हजारो वेळा,
आणि मेलेला सेल
स्वतःपेक्षा उंच उडी मारतो.

पांढरा ठिपका.
आप्पानं त्यावर बोट ठेवलं,
बोट आतून लाल दिसलं.

भिंतीवर घड्याळ अजून सव्वाचारवर,
रात्रभर
आपल्याच सेलच्या उजेडात.