ग्रिम्सबीत कान तपासताना

बीप वाजली की बटण दाबायचं,
एवढंच काम. स्टेनव्होरबाई दाबत नाहीत.
वय त्र्याऐंशी. इथल्या ट्रॉलरवरच्या एका माणसामागं
आइसलँड सोडून आलेल्या, कॉडच्या भरात.

हेडफोन काढून विचारतात,
"हिअर करायचं की लिसन?
आमच्यात हेयरा म्हणजे कानावर पडणं,
ह्लुस्ता म्हणजे कान देणं,
आणि दाराआड उभं राहून करतात तो ह्लेरा."
कानोसा, मी पुटपुटते मराठीत.
तेवढं मात्र त्यांना ऐकू जातं.

"ह्ल्योद," त्या म्हणतात, "म्हणजे आवाज."
मग बराच वेळ काही नाही.
बाहेर गोदीवर एक सीगल, बहुतेक उपाशी.
"शांतताही. शब्द तोच."

माझे कान शाबूत, तरी आई म्हणायची,
तू ऐकतच नाहीस.
एकाच क्रियापदात तिनं
किती काय काय मागितलं होतं.

हेडफोन पुन्हा चढवते त्यांच्या पांढऱ्या केसांवरून,
दार लावते, काचेअलीकडं येऊन बसते.
बीप पाठवायची राहूनच जाते.

पलीकडं स्टेनव्होरबाई डोळे मिटून
बटण दाबतात.
आलेखावर हे कुठं मांडू?