दहा नग

वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं,
पोळी बंद, भाकर बंद, भाताचं तर नावही नको.
खाली रेघ मारून: दहा बदाम, दोन अक्रोड
नाहीतर मूठभर गोडंबी.
धंदा काय करता, हे विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही
की बत्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवतो.

भुवयांवर पीठ, कानाच्या पाळीवर पीठ,
लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्या कॉलरवर
कोणाची तरी ज्वारी आहे.

आता सकाळी मोटर लावायच्या आधी
खिशातली पुडी उघडतो.
पायलीनं मोजत आलेला माणूस
नगानं मोजतो.
सहाव्याला मन म्हणतं, हा किडका होता, धरू नको.
आणि चावायला किती वेळ!
भाकर दुधात कुस्करली की आपसूक उतरायची,
बदामाला माणूस हजर लागतो.

दोन महिन्यांत पँट सैल झाली,
कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं.
तरी दुपारी कोणाचा नवा गहू लागतो,
सुपल्यात ऊन ऊन पीठ पडतं,
तेव्हा मी मान फिरवून
लाईटच्या मीटरकडे बघत उभा राहतो.

पुढं बदाम परवडेनात.
कौतिकाबाई डाखोरे डबा वजनाला ठेवत म्हणाली,
"काहून बाप्पा बाहेरचं खाता?
दळणाचे पैसे नका घेऊ, मी गोडंबी देतो."

तिच्या परसात गेलो एकदा.
बिबा दगडावर उभा धरायचा,
वरून हातोडीचा एक ठोका.
जास्त बसला तर आतलं फुटतं,
कमी बसला तर तेल उडून हातावर येतं.
राख चोळलेली बोटं, तरी काळी,
मनगटापर्यंत बिबा उतलेला.
आणि टोपल्यात गोडंबी,
पांढरी, दुधाळ,
कोणाचं काही न ऐकल्यासारखी.

"तुम्ही खाता का?"
"खातो ना. फुटलेली. अख्खी इकाची राह्यते."
"मंग तुम्हीबी भाकर सोडा, साखर होणार नाही."
ती हसली. "भाकर सोडली
तं हातोडी कोण उचलन, भाऊ?"

तेव्हापासून मोजताना आकडा येत नाही.
एक ठोका, दोन ठोके,
सहाव्याला आता मी खोटं बोलत नाही.

काल तिनं डब्यातलं पीठ चिमटीत धरलं,
काळ्या बोटांत पांढरं,
चोळून पाहिलं, म्हणाली, "जाड आलं.
थापताना चिरन."
दगडाला टाकी लावायची राहिली होती, खरं होतं.
मी मूठ आवळली, डबा पुन्हा वर उपडा केला,
आणि तोंडातली गोडंबी
एका गालातून दुसऱ्या गालात सारत
तिची ज्वारी दुसऱ्यांदा दळली.