काटा रात्रीत किती उतरला

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
चाळीस एअरजेट माग.
धोटा नाही त्यांना. हवाच धोटा.
एक फुंकर, की धागा पलीकडे,
आणि टॉवेल बोटभर वाढलेला.

नाना कॉम्प्रेसरवर.
आधीच्या खटखट मागांनी कान नेले त्यांचे,
गळतीची शिट्टी आता ऐकू येत नाही.
मग मनगट ओलं करतात
आणि लाइनीच्या कडेकडेने नेत राहतात,
एल्बो, टी, फ्लँज, पुन्हा एल्बो.
गार लागलं की थांबतात.
तिथे खडूची फुली.

मी बंगळुरात
विमानाच्या इंजिनातली हवा बघते.
अशोक चौकातल्या मावशीला हे सांगताना
मीच गोंधळते. हवा काय बघायची असते?
पुढून येते, मागून जाते.
पण मधल्या मध्ये थोडी चोरावी लागते, मावशी,
दाबलेली, तापलेली, महाग.
पात्यांच्या पोटात फिरवायला, नाहीतर ती वितळतील.
बेअरिंगच्या दाराशी उभी करायला,
नाहीतर तेल बाहेर पडेल.
थोडी माणसांना, वर, श्वासापुरती.
आणि चोरलेल्या प्रत्येक घोटाचा हिशोब
इंधनात चुकवायचा.

माझ्याकडे आलं तेव्हा ते इंजिन
नळ्यांनी जखडलेलं होतं.
बाहेरून बावीस नळ्या,
सांधे एकेचाळीस, झडपा सात,
प्रत्येक कंस कुणीतरी कधीतरी
घाईत लावलेला, नंतर कुणी न काढलेला.

नऊ महिने मी फक्त खोडत होते.
आई विड्या वळता वळता म्हणाली,
खोडायचा पगार देतात?
होय की, म्हटलं. चांगला देतात.
तिने पान कापलं. सहाशे चाळीस, सहाशे एक्केचाळीस.

शेवटी उरलं ते असं:
हवा पाचव्या टप्प्यावरच घ्यायची,
आणि बाहेरून फिरवायचीच नाही.
मधला दांडा पोकळ आहेच,
त्याच्याच पोटातून मागे न्यायची.
बावीसच्या झाल्या दोन.

दिवाळीला घरी आले
तेव्हा कॅलेंडरच्या पाठीवर काढून दाखवलं.
नानांनी चष्मा पुसला.
बराच वेळ बोट त्या दांड्यावरून फिरत होतं.
मला वाटलं, आता म्हणतील, शाब्बास.

म्हणाले, सांधे गेले, बेस झालं.
जिथं सांधा तिथं गळती.
पण आत गळली तर?
मी म्हटलं, गणितात गळत नाही.
ते हसले नाहीत.
आत गळली तर मनगट कुठं लावू मी?

आकाशातल्या इंजिनाला
मनगट कोण लावणार, नाना,
असं ओठांवर आलं होतं.
शेंगाचटणीचा डबा पुढे सरकवला, आणि गप्प बसले.

रात्री त्यांच्यासोबत शेडवर गेले.
सणाची सुट्टी, माग बंद,
चाळीस यंत्रांवर अर्धवट टॉवेल.
त्यांनी कॉम्प्रेसर थांबवला,
लाइनीत हवा तशीच कोंडून ठेवली,
आणि पाटीवर लिहिलं: साडेसहा, रात्री दहा.
सकाळी परत येऊन बघायचं,
काटा रात्रीत किती उतरला.
एवढ्यावरून कळतं, म्हणाले.
कुठं ते नाही कळत. पण कळतं.

सकाळी सहाला चार पूर्णांक एक.
ते पाटीकडे बघत राहिले,
आणि मग मनगट ओलं करायला नळाकडे गेले.

आता माझ्या चित्रात तीन नळ्या आहेत.
तिसरी करंगळीहून बारीक.
ती हवा कुठेच नेत नाही,
फक्त आतला दाब बाहेर सांगते.
बैठकीत विचारलं गेलं,
कमी करायला बसला होतात ना? ही का वाढली?
मी आकडे दाखवले. आकडे खरेच होते.

भाग क्रमांक चौदा अंकी आहे.
त्यात नावाला जागा नसते.